खंडेनवमीला भरलेली टाकी

गवत कापायच्या मशीनची दोरी रामभाऊ माळी सकाळपासून ओढताहेत. मशीन एकदा खोकतं आणि गप्प होतं. त्यांनी प्लग पुसून बघितला, फिल्टर झटकला, शेवटी टाकीचं झाकण उघडून नाक मुरडलं.

"वहिनी, पेट्रोल पार खराब झालंय. एवढी काठोकाठ कुणी भरली?"

ह्यांनी. पूजेत रिकामं काही ठेवू नये म्हणून खंडेनवमीला टाकी भरून ह्यांनी मशीनला झेंडूचा हार घातला होता. पुढच्याच आठवड्यात अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली. मशीन तसंच राहिलं आणि आता गवत गुडघाभर वाढलंय.

भरून ठेवलं की पुरतं, हा आपला भाबडेपणा. ह्यांच्या आतही बोलायचं काठोकाठ साठलं असेल. तेही असंच कुजत असेल.

रामभाऊंनी टाकी रिकामी करून नवं पेट्रोल घातलं आणि दोरी ओढली. तेवढ्यात खिडकीजवळच्या पलंगावरून ह्यांचा आवाज आला, "सु... सु..."

माझं नाव सुमन. दहा महिने ते तिथंच अडतं.

बाहेर मशीन पुन्हा खोकलं आणि गप्प झालं.

"रामभाऊ, आता नका ओढू," मी म्हटलं. "ते ऐकताहेत."