ताटातलं पठार

माझ्या मामेसासऱ्यांइतकं डोंगरावर प्रेम करणारा माणूस साऱ्या खानदेशात झाला नाही, आणि एवढं प्रेम डोंगराला तरी सोसलं असेल का, याची मला शंका आहे. ते फैजपूरला भूगोल शिकवत. सगळे त्यांना नाना म्हणत. गावाच्या उत्तरेला सातपुड्यात एक लहानसं पठार आहे, नकाशात करंगळीच्या नखाएवढं. नानांच्या लेखी बाकीचं जग त्या पठाराच्या सोयीसाठी पसरलेलं होतं. पाहुणा चपला काढतो न काढतो तोच ते विचारत, "तुमचं गाव समुद्रसपाटीपासून किती उंच?" उत्तर आलं नाही की त्या माणसाबद्दल त्यांचं मत कायमचं बिघडे. खिशात पठारावरचे दगड असत, त्यामुळे कोट नेहमी एका खांद्यावरून घसरलेला.

सदुसष्ट साली लग्नानंतर त्यांच्याकडे प्रथमच जेवायला बसलो, तर नानांनी माझ्याच ताटातलं वांग्याचं भरीत बोटांनी दाबून सपाट केलं. "हे आपलं पठार. आता बघा." वर तेलाची धार सोडली. तेल भरतात मुरलं आणि जरा वेळानं खाली, भाकरीच्या कडेला येऊन थांबलं. "वरचा नाला पायथ्याच्या दगडगोट्यांत दिसेनासा होतो. लोक म्हणतात, आटला. आटत नाही हो! जमिनीखालून चालत आपल्या विहिरीत येतो."

"अहो, जवाईले जेवू तर द्या!" मामी म्हणाल्या.

गावाला हे पटत नव्हतं. विहिरीचं पाणी विहिरीचं, डोंगराचा काय संबंध? एकदा पारावर हसं झालं तेव्हा नाना इरेला पेटले. "नाल्यात गुलाल सोडतो. विहिरीला लाल पाणी आलं नाही, तर पुन्हा पठाराचं नाव काढणार नाही!" गणपतीतला उरलेला दोन पोती गुलाल बैलगाडीत घालून आम्ही पायथ्याशी गेलो आणि नाल्यात ओतला. परतलो तेव्हा बैलसुद्धा गुलाबी झाले होते.

मग रोज सकाळी नाना विहिरीतून बादली काढत आणि उन्हाकडे धरून बघत. जाणारे येणारे विचारत, "काय नाना, आलं का लाल पानी?" दिवाळी गेली, संक्रांत गेली. पाणी आपलं काचेसारखं स्वच्छ. होळीला त्यांनी बादली ठेवून दिली.

मी पुष्कळ समजावलं. "नाना, दगडगोट्यांनी गुलाल गाळून घेतला असणार. दगडगोटे-वाळूतून पाणी गाळून निघतं, हे तुम्हीच शिकवता ना?"

"ते आधीच माझ्या ध्यानात यायला हवं होतं," ते म्हणाले. "शब्द तो शब्द."

आणि खरोखरच त्यांनी पुन्हा पठाराचं नाव काढलं नाही. खिसे रिकामे झाले, कोट सरळ बसू लागला. त्या सरळ कोटाकडे मला बघवत नसे. पाहुण्यांना ते फक्त "बसा" म्हणत.

नाना गेले त्या वर्षी हिवाळ्यात मी एकटाच मामींना भेटायला गेलो. भरीत होतं. मामींनी वाढता वाढता माझ्या ताटातलं भरीत बोटांनी दाबलं आणि तेलाची धार सोडली. मी चमकून वर पाहिलं.

"शब्द त्यांनी देला होता," त्या म्हणाल्या, "मी नाही."

तेल खाली येईपर्यंत आम्ही दोघंही थांबलो. मग भाकरीच्या कडेला बोट टेकवून मामी म्हणाल्या, "अन् ही आपली विहीर."