कांडी भरणारी बाई

करमाळ्याच्या आसपासच्या वस्त्यांवर उत्कर्षा स्कूटीला गोठवलेल्या रेताच्या कांड्यांचा, द्रव नायट्रोजनचा कॅन बांधून फिरते. माजावर आलेल्या गाईला कृत्रिम रेतन करायचं, गावच्या भाषेत कांडी भरायची, हे तिचं काम. रीतसर प्रशिक्षण घेऊन ती आली, पण सुरुवातीला निम्म्या गोठ्यांच्या दारातूनच तिला माघारी लावलं. "गडीमाणूस न्हाय का कुणी?" असं तोंडावर विचारायचे.

ज्यांनी आत घेतलं, त्यांच्याही गाई उलटत. कांडी भरावी आणि तीन आठवड्यांनी गाय पुन्हा माजावर यावी. लोक म्हणत, बाईच्या हाताला गुण नाही. उत्कर्षाचा जीव जळायचा, कारण चूक कुठं होतेय ते तिला दिसत होतं. उन्हाळ्यात बऱ्याच गाई माजावर येऊनही ओरडत नाहीत. माज पहाटेच्या गारव्यात दिसतो आणि ऊन चढलं की कळेनासा होतो. त्या वेळी गोठ्यात शेण काढत असते ती घरची बाई. तिला गाईच्या मागून काचेसारखी स्वच्छ, चिकट तार लोंबताना दिसते. पण हे परक्या पुरुषाला फोनवर कसं सांगायचं? ती नवऱ्याला सांगते, नवरा सवडीनं फोन करतो, तोवर वेळ टळून गेलेली असते.

"मावशी, मला थेट फोन लावा. माझ्यापाशी कसली लाज?" उत्कर्षा घरोघरी सांगत सुटली. बाया हसायच्या, हो म्हणायच्या. फोन मात्र नवऱ्याच्या खिशात.

केराबाईनं एका सकाळी शेजारणीच्या फोनवरून लावला. तिची आणि नवऱ्याची, महिपतीची, एकच संकरित गाय होती आणि ती सारखी उलटत होती.

"पोरी, गाय तार टाकतीया. मालक बाजारला गेल्यात. येतीस का?"

"येते, पण उन्हं उतरल्यावर. तोवर तिला सावलीत बांधा, अंगावर पाणी मारा."

संध्याकाळी केराबाईनं स्वतः शेपटी धरली. उत्कर्षानं विचारलं, "गीरची भरू का? वासरू उन्हाला तग धरील."

"तुला कळतंय ते कर."

उत्कर्षा हात धूत होती तेवढ्यात महिपती आला. "कुणाला इचारून आत आलीस?"

"म्या बोलावलं," केराबाई म्हणाली. "गाय म्या सांभाळती का तुमी?"

 दुसऱ्या दिवशी सकाळीच महिपतीनं अजिनाथला बोलावलं. अजिनाथ त्या भागात जुना कांडी भरणारा. त्यानं त्याच गाईला जास्त दुधाच्या, काळ्यापांढऱ्या होल्स्टीन जातीची कांडी भरली. केराबाईनं कळवल्यावर उत्कर्षानं अजिनाथला गाठलं.

"दादा, मी आदल्याच संध्याकाळी भरली होती. तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"व्हतं की. पर मी न्हाय म्हणलो तर दुसरा येतो. मग माझं काय?"

 त्या दिवशी घरी येऊन उत्कर्षा न जेवताच झोपली.

या वेळी गाय उलटली नाही, गाभण राहिली. महिपती दूध संकलन केंद्रावर सांगत फिरला, अजिनाथचा हातच लई गुणाचा. उत्कर्षा ऐकायची आणि पुढच्या गोठ्याकडे स्कूटी वळवायची. गाय व्याली तेव्हा केराबाईनं तिला मुद्दाम बोलावून घेतलं. तांबूस कालवड होती, कपाळ फुगीर, कान लांब आणि खाली लोंबणारे, थेट गीरसारखे.

"काका, हे कान बघा. ही होल्स्टीनची असेल का?"

महिपतीनं कालवडीचा कान हातात धरून पाहिला. "मंग तू माझं नुकसानच केलंस की. मला काळीपांढरी पायजे व्हती."

उत्कर्षा रडकुंडीला आली. आतून केराबाई कडाडली, "इतकी वर्सं गोठा वासरावाचून रिकामा व्हता, तवा न्हाय आटवली काळीपांढरी!" महिपती गाईला वैरण टाकायला लागला. केराबाईनं खरवस बांधून दिला, तेवढाच त्या दिवशीचा मान.

आता त्या वस्तीवरच्या काही बाया उत्कर्षाला थेट फोन करतात आणि त्यांच्या गाई बहुतेक वेळा गाभण राहतात. बाकी ठिकाणी तेच चालू आहे. परवा ती नातेवाइकाच्या लग्नाला निघाली असताना दुसऱ्या एका वस्तीवरून फोन आला.

"ताई, गाय कालपासनं वरडतीया. लगीच ये."

"काल का नाही सांगितलं?"

"काल आमच्या ह्यांना सवड नव्हती."

उत्कर्षानं स्कूटी बाभळीच्या सावलीला लावली. माजाची वेळ टळल्यावर आज येऊन उपयोग का नाही, हे ती पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायला लागली. पलीकडून फोन ठेवला गेला, तरी वाक्य पुरं होईपर्यंत ती बोलतच होती.