वांड नाणी

सरळ नाण्यांत माझ्या आईला काडीचा रस नव्हता. बुधवारच्या बाजारातून सक्करदऱ्याच्या घरी आली की भाजीची पिशवी दारातच पडायची आणि उरलेली चिल्लर ओट्यावर पसरायची. कधीतरी एका दिवाळी अंकात टांकसाळीत होणाऱ्या चुकांवर लेख आला होता. तेवढ्यावर बाईंनी अख्खं शास्त्र उभं केलं. चुकलेल्या नाण्याला ती ‘वांड’ म्हणायची. वांड नाणी बिस्किटांच्या जुन्या डब्यात जायची, बाकीची बिचारी खर्चात.

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि तिचा एकुलता एक विद्यार्थीही. नाणं आडवं फिरवलं की मागची बाजूही सरळ दिसायला हवी. तिरकी दिसली तर छापताना ठसा फिरला होता, हा पहिला धडा. एखाद्या नाण्यावर जास्तीची रेघ दिसली की मी लगेच नाचायला लागायचो. ती मात्र डोळे मिटून नखाने चाचपून बघायची.

“पाय गा, नख आत गेलं तं ते लोकाइनं खरचटलं. वर अडखळलं तं ठसाच तडकला होता. लोकाइचं आपल्याले नाई ठेवाचं.”

मला सापडलेलं एकच नाणं तिला मनापासून आवडलं. पितळी वीस पैशांचं. छाप सरकल्यामुळे त्यावरचं कमळ अर्धं कडेबाहेर गेलं होतं आणि समोरच्या कडेला पितळ कोरंच राहिलं होतं. “हे तुह्यं,” ती म्हणाली, “पण राहीन माह्या डब्यात.” त्या आठवड्यात माझी चैन होती, जे मागेन ते ताटात येत होतं.

बाबांना डबा ठाऊक होता, आतली भानगड नव्हती. बाईमाणूस चार सुटे पैसे बाजूला टाकते, एवढंच ते समजत. त्यांनी वेड्यात काढलं असतं म्हणून आईनेही कधी सांगितलं नाही.

मग तिला कावीळ झाली. तिने ती अंगावर काढली, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता.

थोरला म्हणून विस्तवाचं मडकं माझ्या हातात आलं. मला ओलेत्याने अंगणात उभं केलं होतं. आत कोण काय शोधतंय, याचा मला पत्ता नव्हता. घाटाच्या वाटेवर मागून काका लाह्यांबरोबर चिल्लर उधळत होते. त्यातलं एक नाणं तिरडीवरून पुढे येऊन माझ्या पायाशी पडलं. पितळी, अर्ध्या कमळाचं.

माझे पाय थांबले. विस्तव धरणाऱ्याने थांबायचं नसतं, मागे वळून बघायचं नसतं, आणि उधळलेलं घरच्याने उचलायचं नसतं. “चाल बाबू, थांबू नको,” मागून कोणीतरी म्हणालं. मी नाण्याला वळसा घालून पुढे गेलो. मागे पोरांची झुंबड ऐकू आली आणि तेव्हा मला पहिल्यांदा हुंदका फुटला. लोकांना वाटलं, पोरगा आता कुठे मोकळा झाला.

घरी परतलो ते काकांशी भांडायचंच ठरवून. फळीवरचा डबा उघडून पाहिला, तळाशी काहीसुद्धा नव्हतं. बाहेरच्या खोलीत बाबा भेटायला आलेल्यांना सांगत होते.

“ऐन वख्ताले घरात एक सुटा पैसा नव्हता. मंग तिचा डबा आठोला. कोणाले न सांगता जमवत होती. आपल्या शेवटच्या वाटेचीही सोय करून गेली बाई.” एवढं बोलून ते उपरण्यात तोंड खुपसून रडू लागले. त्यांना तसं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझा सगळा राग दारातच गळून पडला.

मला पाहून त्यांनी डोळे पुसले. “तुले सांगतलं होतं का गा तिनं, काहून जमवते ते?”

“हो बाबा,” मी म्हणालो. “याच्यासाठीच.”