खिशात हात घालून निवडलेला ट्रायपॉड

माझे हात थरथरायला लागले तेव्हा मी चाळिशीच्या अलीकडे होतो आणि पारोळ्याच्या बाजारपेठेतला माझा फोटो स्टुडिओ बरा चालला होता. आधी उजवा अंगठा, मग बोटं, मग दोन्ही मनगटं. गवयाचा गळा बसला तर लोक हळहळतात. फोटोग्राफरचा हात थरथरला की लोक एकमेकांकडे बघून हसतात आणि विचारतात, काल कुठे बसला होतास? आमच्या भागात दारूशिवाय दुसरं कारणच कुणाला सुचत नाही. आणि मी तर पानसुपारीलाही न शिवणारा माणूस.

जळगावच्या डॉक्टरांनी मला दोन्ही हात पुढे धरायला लावले, कागदावर एक गोल काढायला लावला आणि गोळ्या लिहून दिल्या. थांबेल का, असं विचारलं तर म्हणाले, "कमीजास्त होईल. पण हळूहळू वाढतच जाणार." पुढच्या पेशंटला आत बोलावता बोलावता सांगितलं त्यांनी हे. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून देवाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. फोटोशिवाय दुसरं काही येत नव्हतं मला. शेत भावांकडे, शिक्षण बेताचं, आणि घरात शाळेत जाणाऱ्या मुली.

बायकोला माहीत होतं. ती मला चहा अर्धाच कप ओतायची. तिच्याशिवाय कुणाला कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. लग्न काही पुन्हा लावता येत नाही. ज्याचा हात हलतो त्याच्या हातात ते कोण देईल?

मंडपात फ्लॅशने मला सांभाळून घेतलं होतं. फ्लॅशचा लखलखाट इतका झटक्यात होऊन जातो की हात हलला तरी फोटो हलत नाही. खरी पंचाईत होती भाऊबंदांच्या फोटोची. आमच्याकडे लग्न लागलं, पंगती उठल्या की नवरीला सासरी वाटे लावण्याआधी अख्खी भाऊबंदकी घरापुढे उभी राहते. म्हातारे खुर्च्यांवर, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया एका बाजूला, पोरं खाली मातीत. वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारेही त्या फोटोपुरते शेजारी उभे राहतात, कारण त्यात नसणं म्हणजे कुळातून बाद होणं. एवढ्या जमावापर्यंत फ्लॅश पोहोचत नाही. ऊन उतरलेलं, आणि चेहरा तर एकूण एक स्पष्ट यायला हवा. त्यात तेवढा वेळ सगळं गाव माझ्या हातांकडेच बघत असतं.

स्टुडिओत लोखंडी स्टँड होता, पण तो घेऊन गावोगाव हिंडणं म्हणजे जात्याची तळी खांद्यावर घेऊन फिरणं. कंडक्टर तो बघूनच खेकसायचा. फाट्यावर उतरून गावापर्यंत तो वाहून नेला की हात आणखीच थरथरायचे, म्हणजे ज्याच्यासाठी न्यायचा तेच बिघडायचं. मला हवा होता हलका, घडी करून पिशवीत मावणारा ट्रायपॉड. एकदा कॅमेरा त्यावर बसवला, बटण दाबायची लांब केबल लावली, की बोट कितीही नाचू दे. मी कॅमेऱ्यापासून हातभर दूर उभा राहणार आणि लोकांना वाटणार, नवी पद्धत आणली भाऊंनी.

म्हणून धुळ्याला गेलो. आग्रा रोडवर फोटोचं सामान विकणारं एक दुकान होतं. दोन्ही जिल्ह्यांतले फोटोग्राफर रोल आणि कागद तिथूनच न्यायचे. दुकानदार लाख माणूस, पण तोंडाचा फाटका. कुणाचा कॅमेरा पडला, कुणाचं गिऱ्हाईक कुणी पळवलं, सगळ्या बातम्या तिथे चहाबरोबर मिळायच्या. त्याला माझे हात दिसले असते तर संध्याकाळच्या आत अमळनेरपर्यंत पोहोचले असते. मी दोन्ही हात पँटच्या खिशात घालूनच पायरी चढलो.

त्याने काउंटरवर ट्रायपॉड मांडले. एक मोठा होता, तो मी मानेनेच बाजूला करायला सांगितला. उरलेल्या दोन्हींचे पाय सारखेच होते, ॲल्युमिनियमचे, खटक्याने उघडणारे. फरक डोक्यात होता, म्हणजे कॅमेरा बसतो त्या वरच्या भागात. एकाला दांडी होती; कॅमेरा आडवा फिरवायचा तर एक नॉब, वर-खाली करायचा तर दुसरा. एका वेळी एकच दिशा सुटायची, पण दांडीमुळे पिशवीबाहेर यायचा. दुसऱ्याला नुसता गोळा होता, एका नॉबवर सगळीकडे फिरणारा. घडी केली की वीतभर कमी.

"हात लावून बघा ना भाऊ," दुकानदार म्हणाला. "कॅमेरा बसवून बघा. असं दुरून काय कळणार?"

"दिसतंय की."

"अहो, वैशाखात थंडी वाजते का काय तुम्हाला? काढा हात बाहेर!"

मी हसलो. खिशातल्या मुठी इतक्या आवळल्या होत्या की नखं तळव्यात रुतली होती. मनात सारखं एकच, निघ इथून, निघ. मी गोळ्याच्या ट्रायपॉडकडे हनुवटीने खूण केली आणि म्हणालो, "हा लहान आहे, हाच बांधा." थरथरत्या हाताला कोणतं डोकं झेपेल हे ते हात लावूनच कळलं असतं, आणि तेच हात लपवायला मी तो ट्रायपॉड घेत होतो. एवढं साधं मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी हात बाहेर काढायची माझी छाती नव्हती.

त्याच हंगामात जवळच्या एका गावात लग्न होतं. त्या घरचे आबा म्हणजे गावातलं मोठं माणूस. त्यांच्या घरचं प्रत्येक लग्न माझ्याकडे असायचं, आणि ते बोलावतात म्हणून आजूबाजूची गावंही बोलवायची. भाऊबंद उभे राहिले. कॅमेरा थोडा कललेला दिसला म्हणून मी नॉब सैल केला. गोळा एकदम सगळीकडून सुटला. डाव्या हातात कॅमेरा धरून ठेवायची ताकद होती, पण तो हात एका जागी राहीना. कॅमेरा मान टाकून लोंबला, हलका ट्रायपॉड कलला, आणि मी दोन्ही हातांनी त्याला मिठी मारली. सगळ्या गावादेखत ते हात लटलट उडत होते.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. आबा खुर्चीवरून उठून माझ्याजवळ आले.

"काय रे भाऊ, तुना हात काबर थरथरतस? पीसन उना का?"

माझं डोकं भलतंच झरझर चाललं. दारुडा उद्या शुद्धीवर येतो. त्याला चार शिव्या देऊन लोक पुढच्या लग्नाला परत बोलावतात. आजारी माणसाला कोण बोलावणार? मी मान खाली घातली आणि म्हणालो, "हो आबा. चुकलं. थोडी घेतली."

आबा आणखी जवळ आले, इतके की त्यांच्या पागोट्याचा घामट वास मला आला. त्यांनी माझ्या तोंडाचा वास घेतला. मग माझ्या हातांकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि त्यानेच मी हबकलो.

ते लोकांकडे वळले आणि माझंच खोटं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "थोडी पेयेल शे. कोनी हासू नका. बठ्ठा सरळ उभा ऱ्हा!"

मग त्यांनी स्वतः दोन्ही हातांनी कॅमेरा सरळ धरला, मी नॉब आवळला, आणि ते जाऊन खुर्चीवर बसले. मी केबल दाबली. इतका स्पष्ट भाऊबंदांचा फोटो मी आधी कधी काढला नव्हता. मी निघताना त्यांनी माझा खांदा थोपटला. मी फाट्यापर्यंत रडत गेलो.

पुढच्या वर्षी त्यांच्या धाकट्या नातीचं लग्न झालं. मला जेवणाचं आमंत्रण आलं, आग्रहाचं. फोटो काढायला अमळनेरचा माणूस होता. मी पंगतीत हात मांडीखाली दाबून बसलो होतो आणि आबा स्वतः येऊन माझ्या पानात वाढत होते. दारूचा वास आला असता तर त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या, आणि कॅमेरा घेऊन बोलावलं असतं.