झाकण उचलून बघणारी

"शिजतंय का सडतंय?"

समोरच्या फ्लॅटमधली मावशी आमच्या सेफ्टी डोअरच्या जाळीवर बोटातली अंगठी आपटत हे विचारायची. बेल होती, चालूही होती. पण ती दाबणं तिला कमीपणाचं वाटत असावं. मी आतून ओरडायचे, "शिजतंय!" मग ती जाळीला नाक लावून मोठा श्वास ओढायची आणि "मना नाय वाटत" म्हणून आपल्या घरात जायची. दार मात्र उघडंच ठेवायची, कारण आमच्याकडे कोण आलं, कोण गेलं हे तिला बघायचं असे.

तुमच्याही बिल्डिंगमध्ये अशी एक असेलच. नसेल तर तुम्ही सुखी आहात, आणि पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की मी तिच्यावर उगाच जळते. जळते तर जळते. बोईसरला फ्लॅट घेतला तेव्हापासून त्या बाईने मला एक दिवस धड जगू दिलं नाही. गच्चीवर माझ्या धुतलेल्या चादरींना खेटून बोंबील वाळत घालायची. मी बोलले तर म्हणायची, "तुज्या चादरींना साबनाचा वास मारतो. माजे बोंबील खराब होतील." माझं माहेर मनोरकडचं हे कळल्यावर तर तिच्या हाती कोलीतच मिळालं. "तुमा डोंगराकडच्यांना रांधायचं काय कळतंय गो?" हे ती भर जिन्यात विचारायची.

ती किनाऱ्यावरच्या गावातली. सगळी उमर बोईसरच्या बाजारात मासळी विकण्यात गेली. नवरा गेल्यावर एकटीच राहायची, मुलगा वसईला. तिच्या हाताला चव होती, हे मी नाकारत नाही. तिच्या कोलंबीच्या कालवणाचा वास जिन्यात आला की आमच्या ताटातलं जेवण एकदम बेचव लागायचं. माझ्या रागात याचाही वाटा होता.

मग एका दुपारी ती कालवण गॅसवर ठेवून झोपली. जिन्यात धूर भरला. माझ्या नवऱ्याने दार ठोकून ठोकून तिला उठवलं. एक टोप गेला आणि ओट्यामागची भिंत काळी झाली, बाकी काही नाही. पण पुढच्या रविवारी मुलगा आला, शेगडी आणि सिलिंडर गाडीत घातले आणि घेऊन गेला. जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आई, आता डबा येईल. तो नको असेल तर चल वसईला."

डबा यायचा तो कारखान्यातल्या पोरांना जेवण पुरवणाऱ्या खानावळीतून. मावशी तो उघडायची, बघायची आणि खाली मांजरांना घालायची. स्वतः पाव, केळी, काहीबाही खायची. कोणी विचारलं तर सांगायची, "गॅस सर्विशिंगला दिलाय." महिनोन्महिने तो सर्व्हिसिंगलाच होता. खरं काय ते आम्हाला माहीत होतं, आणि आम्हाला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. स्वतःच्या घरात राहायचं आणि स्वतःच्या हाताने रांधून खायचं, एवढंच तिला हवं होतं.

नेमका त्याच सुमारास माझ्याकडे स्लो कुकर आला. नणंदेने दिला. विजेवर चालणारी जाड हंडी. सकाळी सगळं घालायचं, झाकण लावायचं, बटण फिरवायचं आणि कामाला निघून जायचं. मी तारापूरला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे. कंपनीची बस सकाळी लवकर येते, घरी यायला संध्याकाळ होते. मुलगी नववीत, तिला भाकरी बघितली की पोटात दुखतं आणि पास्ता म्हटलं की बरं होतं. तोही पांढरा, मऊ, चिकन घातलेला. म्हणून सकाळी चिकनचे तुकडे, ठेचलेला लसूण, लोणी, मिरपूड आणि थोडं पाणी असं सगळं हंडीत टाकायचं. संध्याकाळी आल्यावर क्रीम, चीज आणि कोरडा पास्ता त्यातच घालायचा. अर्ध्या तासात पास्ता फुगतो आणि सगळं दाट होतं. निदान नणंदेने तरी तसंच सांगितलं होतं.

मावशीने पहिल्याच दिवशी सकाळी जाळीतून सगळी कृती विचारून घेतली.

"चिकन न् दूद? इऽऽ! आन् रांधतं घर सोडून कामावर जातेस?"

"विस्तव नाही त्यात, मावशी."

"इस्तव नाय तर शिजतंय कसं?"

"हळूहळू."

"हळूहळू तर मानूस मरतंय." मग म्हणाली, "माज्या घरात मी होती, तरी माजा गॅस नेला. तुज्या घरात कोन नाय, तरी तुजं चालू. तुला कोन काय बोलत नाय!"

गॅस सर्व्हिसिंगला नाही, हे तिच्या तोंडून मी तेवढं एकदाच ऐकलं. बस चुकेल असं म्हणून मी निघाले.

आता गंमत अशी की ते चिकन शिजेचना. दिवसभर हंडी चालू, आणि संध्याकाळी बघावं तर तुकडा आतून गुलाबी. मग शेवटी गॅसवर चढवायचं, मुलगी फुरंगटून बसायची. नवऱ्याने आधी बोईसरच्या व्होल्टेजला शिव्या घातल्या, मग इलेक्ट्रिशियनला बोलावलं, मग माझ्या नणंदेला, म्हणजे स्वतःच्या बहिणीला, फोनवर झापलं. मी चिकनवाल्याशी भांडले. आणि जाळीवर अंगठी वाजायचीच: "शिजतंय का सडतंय?"

एकदा अंगात कणकण होती म्हणून मी दुपारीच घरी आले. दाराला कुलूप नव्हतं. मुलगी किल्ल्या हरवते म्हणून एक किल्ली आम्ही मावशीकडे ठेवली होती, ते त्या क्षणी आठवलं नाही. मला वाटलं चोर. चपला हातात घेऊन आत गेले तर स्वयंपाकघरात मावशी. माझं स्टूल ओट्याला लावून त्यावर बसलेली, हातात माझा डाव, झाकण बाजूला काढलेलं, आणि हंडीतली वाफ तोंडावर घेतेय.

"काय करताय तुम्ही?"

"बघतेय."

"रोज बघता?"

"मंग? बघायला नको? मगाशी बघितलं, त्याच्या आदी बघितलं. ढवळलं नाय तर खाली लागंल."

"हे लागत नाही! झाकण उघडलं की सगळी गरमी जाते, परत चढायला वेळ लागतो. म्हणून कच्चं राहतंय इतके दिवस! तुमच्यामुळे!"

तिच्यावर काही परिणाम झाला नाही. डाव झटकून म्हणाली, "रांधताना कुनीतरी बसाया लागतंय गो. एकटं टाकलेलं शिजत नाय."

मी हात पुढे केला आणि किल्ली मागितली. तिने ती ओट्यावर फेकली आणि तरातरा निघून गेली. मी दार धाडकन लावलं. ते तिच्या तोंडावर लागलं असतं तरी मला चाललं असतं, इतकी मी पेटले होते.

पुढच्याच खेपेला चिकन असं शिजलं की चमच्याने तुटावं. मुलीने दोनदा घेतलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? जाळीवर अंगठी वाजायची बंद झाली. मावशी समोरून गेली की मी मोबाइल बघायचे आणि ती भिंत बघायची. असे काही आठवडे फार छान गेले.

मग एका संध्याकाळी बेल वाजली. दारात मावशी. तिने चक्क बेल दाबली होती.

"रविवारी पोरगा येतोय," ती म्हणाली. "गाडी घेऊन येतोय. मना न्यायला."

मी सेफ्टी डोअर उघडलं.

"तुजी ती हांडी दे. तिच्यात इस्तव नाय. मी रांधून वाढते त्याला. त्याला दिसंल, आई अजून रांधते न् घर पन जळत नाय. मंग तो नेनार नाय."

मी म्हटलं, मासळी त्यात घातली तर लगदा होईल. ती म्हणाली, "ठाव हाय मना. तुजं ते दुदाचंच करते. सगळं बघितलंय मी." एवढं बोलूनही विनंतीचा एक शब्द नाही. मी हंडी दिली, पण अटीवर: झाकण उचलायचं नाही. "बघू," ती म्हणाली.

रविवारी सकाळपासून तिचं दार उघडं आणि माझंही. मी पेपर घेऊन दारात खुर्ची टाकली होती, माझ्या हंडीवर लक्ष ठेवायला. तिने हंडी खाली फरशीवर ठेवली होती आणि समोर मांडी घालून बसली होती. लसूण आणि हिरवी मिरची पाट्यावर ठेचून आधीच घातली होती. मी ओरडले की यात हिरवी मिरची नसते, तर म्हणाली, "माज्या पोराला लागते." जरा वेळाने तिचा हात झाकणाकडे जायचा.

"मावशी!"

हात मागे.

"एकदाच बघू काय गो?"

"नाही!"

"मेली, कसाई हायेस तू."

दुपारपर्यंत आमचं हेच चाललं होतं. खालच्या मजल्यावरची बाई काय भांडण आहे म्हणून वर येऊन गेली. पण मावशीने झाकण उचललं नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिली. क्रीम आणि पास्ता घालायच्या वेळी मी सांगितलं तेव्हाच उघडलं, आणि शेवटी झालेला पांढरा दाट रस्सा बघून तिने माझ्याकडे न बघता मान हलवली.

मुलगा आला. सोफ्यावर बसून जेवला. पहिलं ताट संपवलं, मग दुसरं घेतलं, आणि शेवटी बोटाने ताट पुसून बोट चाटलं. मी दारातून सगळं बघत होते. मला वाटलं, जिंकली म्हातारी.

"मस्त आहे," तो म्हणाला. "कुठल्या हॉटेलातून मागवलंस?"

"मी केलं," मावशी म्हणाली.

तो हसला. "आई, घरात गॅस तरी आहे का?"

तिने हंडीकडे बोट दाखवलं. त्याने हंडीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी उठून त्यांच्या दारात गेले.

"त्यांनीच केलंय," मी म्हणाले. "सकाळपासून मी समोर बसलेय. माझा हातही लागलेला नाही."

त्याने मला हात जोडले. "ताई, तुम्ही खूप चांगल्या आहात. आईसाठी एवढं करता."

आजवर मला लोक बरंच काय काय म्हणालेत, पण इतकं खोटं कोणी म्हणालं नव्हतं. "मी अजिबात चांगली नाही!" मी ओरडले. "विचारा तुमच्या आईला! आमचं एक दिवस पटलेलं नाही. मी यांच्यासाठी कशाला खोटं बोलू?" तो नुसता हसत राहिला. म्हाताऱ्या माणसांची मनं सांभाळावी लागतात, असं काहीतरी म्हणाला आणि आईची बॅग बघायला आत गेला.

मी मावशीकडे पाहिलं. एरवी मला नावं ठेवायची एकही संधी तिने सोडली नव्हती. आत्ता तिने नुसतं एवढंच म्हणायचं होतं, ही बया दुष्ट आहे, ही माझ्यासाठी बोटही हलवायची नाही. तिने हंडी नळाखाली घासली, पदराने कोरडी केली आणि माझ्या हातात दिली.

"घे. खाली लागलं नाय," म्हणाली.

मग मुलामागून जिना उतरून गेली.

मला तिचा राग अजूनही येतो. पण त्या मुलाचा जास्त येतो. बोट चाटून खाल्लं, ती मिरची खाल्ली, आणि हात कोणाचा हे ओळखलं नाही.

मुलाने फ्लॅटला नवा रंग दिला आणि भाड्याने द्यायला टाकला. परवा एजंट एका जोडप्याला घेऊन आला होता. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. स्वयंपाकघर दाखवताना तो म्हणाला, "किचन बघा मॅडम, एकदम कोरं. कोणी वापरलेलंच नाही."

मी हातातलं काम टाकून बाहेर गेले. "वापरलंय," म्हटलं. त्या तिघांनी वळून पाहिलं. मग मी तेच पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने.