दोन भुकट्या, तीन मडकी: सावलीची नीळ

कारखान्यात खनिज तेलापासून घडवलेली नीळ आणि प्रयोगशाळेत जिवाणूंना साखर पुरवून करून घेतलेली नीळ, दोन्ही शुद्ध असतील तर कापडावर फरक पडू नये. रंगरसायनतज्ज्ञ म्हणून मला ते ठाऊकच होते. तरीही रंगाऱ्याच्या हातून पाहावे, म्हणून आमच्या जिवाणूंच्या निळीची डबी घेऊन मी पुण्याहून निघाले आणि चंद्रपुरात पोहोचण्याआधीच थकले.

चंद्रपूरहून मूलमार्गे सावलीची बस मिळते. खिडकी निवडण्यात अर्थ नाही. धूळ दोन्हीकडून येते. मूलला पोहे तेलकट होते, तर्री मात्र निर्दोष.

सावलीत इस्माईलभाई सूत रंगवतात. त्यांनी दोन मडक्यांत दोन भुकट्या टाकल्या, एकात त्यांची कारखान्याची, दुसऱ्यात माझी. दोन्हींत कास्टिक सोडा आणि हायड्रोस ही रसायने. एरवी नीळ पाण्यात विरघळत नाही. हायड्रोसचा गंधकी वास घशात बसतो. बुडवलेल्या सुताच्या दोन्ही लडी हिरवट निघाल्या, वाऱ्यावर निळ्या झाल्या. रंगात तसूभरही फरक नव्हता. मी समाधानाने मान हलवली. इस्माईलभाई खोकत बाहेर गेले.

"जंतूंनं बनवलेला रंग हाय म्हणता," त्यांच्या पत्नी शमीमबाई म्हणाल्या, "मंग त्याले हायड्रोस काऊन लागते, मॅडम?"

"पदार्थ तोच आहे, म्हणून."

"म्हणजे ह्यायचा," त्यांनी बाहेर बोट दाखवले, "खोकला बी तोच."

जिवाणूंची नीळ आली की हायड्रोस सुटेल, ही त्यांची आशा होती. माझ्या डबीत ते नव्हते. जिवाणूंना नीळ घडवण्याऐवजी ती विरघळवण्याच्या कामाला लावले, तरच हायड्रोस टळतो, असे मी सांगितले: कोंडा, गूळ, चुना, ऊब आणि आंबेपर्यंत आठवडाभराचा धीर.

"हायड्रोस अर्ध्या घंट्यात करते," परत आलेले इस्माईलभाई पुटपुटले. शमीमबाईंनी तोवर तिसरे मडके काढले होते. माझी भुकटी संपली होती. म्हणून तिसऱ्यात कारखान्याचीच पडली. मडके आम्ही धानाच्या भुशात गळ्यापर्यंत पुरले.

मधल्या दिवसांत मार्कंड्याच्या मंदिरातली शिल्पे पाहिली. तिथून आलापल्लीच्या रस्त्याला हाताशी वेळ ठेवा. खड्डे घाई करू देत नाहीत. सागवान भव्य आहे. माझे चित्त मडक्यावर होते.

परतताना सावलीला उतरले. मडक्याला आंबूस वास, वर तांबूस साय. लड निघाली फिकी, एका टोकाला अधिकच. माझ्या प्रयोगशाळेत ती नापास झाली असती.

"फिक्की हाय," मी बोलण्याआधीच इस्माईलभाई म्हणाले. "पण मडक्यावर वाकून बसलो तरी खोकला नाई आला."

"आता तिथीच बसून राहा," शमीमबाई हसल्या. "घरचं काम मी करून राह्यलीच हाय."

पुण्यात परतल्यावर शमीमबाईंचा फोन आला. घाईचे काम आले की हायड्रोस अजून लागतोच. पण कोंड्याचे मडके त्या मरू देत नाहीत, गूळ घालत राहतात.

तिन्ही लडी माझ्या मेजासमोर टांगल्या आहेत. पहिल्या दोन ओळखायला मला त्यांवरची चिठ्ठी वाचावी लागते. तिसरी दारातूनही ओळखू येते.