खिंडसीवरचं विमान

नंदनवन कॉलनीतले आमचे शेजारी दर रविवारी खिंडसी तलावावर स्वतः बनवलेलं रिमोटचं विमान उडवतात. ते पाण्यावरच उतरतं. उडवण्याआधी शेजारी ओलं बोट हवेत धरतात आणि रामटेककडच्या टेकड्यांकडे डोळे वटारतात. "हवा तिथून घसरत येते गा!" तलावात कोणी दगड मारला की भडकतात, लाटेनं विमान उलटेल म्हणून.

परवा विमान वर असताना वाराच पडला. तलावाचा आरसा झाला; आभाळ कुठं संपतं नि पाणी कुठं सुरू होतं, तेच कळेना. बॅटरी संपत आलेली.

"मले पाणीच दिसून नाही राहिलं! दगड मारा ना गा!"

भेळवाल्यासकट काठावरचे आम्ही सगळे दगड मारत सुटलो. तरंग उठले, त्यांना पाणी दिसलं आणि विमान अलगद टेकलं. आम्ही नाचलोच! त्या भरात मी आणखी एक दगड भिरकावला.

"काहून दगड मारून राहिला गा?" ते गरजले.